एका कमांडने इंटरनेट ठप्प: चूक माणसाची की टूलची?

२८ फेब्रुवारी २०१७. अमेरिकेत असंख्य वेबसाइट आणि ॲप्स अचानक बंद पडली. यामागे कोणी हॅकर नव्हता. ॲमेझॉनच्या 'एस३' या डेटा साठवणाऱ्या सेवेतल्या कर्मचाऱ्याला काही मोजके सर्व्हर बंद करायचे होते. कमांड देताना एक नोंद चुकली आणि भलतेच जास्त सर्व्हर बंद झाले. सेवा पूर्ववत व्हायला चार तासांहून अधिक वेळ लागला.

ॲमेझॉनने काय केलं?

कंपनीने टूलच बदललं. आता सर्व्हर हळूहळू बंद होतात आणि किमान गरजेपेक्षा कमी उरणार असतील, तर टूल स्वतःच अडवतं.

तपासणारे वाढवले तर?

ऑगस्ट २०२० मध्ये सिटीबँकेला रेव्हलॉन कंपनीच्या कर्जावरचं सुमारे ७८ लाख डॉलर व्याज पाठवायचं होतं. गेले जवळपास ९० कोटी डॉलर! मुद्दल बँकेतच थांबवायला स्क्रीनवर तीन रकाने भरावे लागत होते. भरला एकच. व्यवहार तिघांनी तपासला होता, पण तिघांचाही समज तोच होता. स्क्रीनवर इशारा आला, 'पैसे बँकेबाहेर जातील'. किती जातील, ते मात्र त्यात नव्हतं. काही रक्कम परत आली. उरलेल्या सुमारे ५० कोटी डॉलरसाठी बँक २०२२ पर्यंत कोर्टात लढली.

असं का होतं?

ग्राहकाला ॲप आवडलं नाही, तर तो दुसरीकडे जातो. कर्मचाऱ्याला ती सोय नाही. त्यामुळे ग्राहकाच्या ॲपवर डिझायनर राबतात आणि ऑफिसातल्या टूलवर 'चालतंय ना' म्हणून कोणी लक्ष देत नाही.

चांगलं टूल कसं असतं?

• बटण दाबण्याआधी परिणाम आकड्यांत सांगतं: '४० पैकी ३८ सर्व्हर बंद होतील.' नुसतं 'खात्री आहे का?' विचारलं, तर लोक सवयीने 'हो' दाबतात.
• चाचणीची आणि खरी यंत्रणा वेगवेगळ्या रंगांत दाखवतं.
• केलेलं काम मागे घेण्याची सोय ठेवतं.

हे ठरवायला आधी डेव्हलपरच्या शेजारी बसून तो कुठे अडखळतो, ते पाहावं लागतं. खर्च होतो तो मुख्यतः वेळेचा.

पुण्या-मुंबईत आयटी आणि बँकांमधले कितीतरी जण दिवसभर अशाच स्क्रीनसमोर असतात. पुढच्या वेळी 'मानवी चूक' अशी बातमी वाचाल, तेव्हा एक प्रश्न जरूर विचारा: त्या माणसाला स्क्रीनवर नेमकं काय दिसत होतं?