सरकारी अभियंता व्हायचे आहे? आधी कोणते दार लवकर बंद होते ते पाहा!

पदवी हातात पडली की घरात एकच वाक्य ऐकू येते, ‘सरकारीत बघ काहीतरी.’ पण ‘सरकारीत’ म्हणजे नेमके कुठे, कोणत्या परीक्षेतून, किती वर्षांत आणि तिथे काम काय, हे सांगणारे कोणी नसते. वयाची गणिते चुकल्यामुळे चांगले अभियंते रांगेत अडकतात. ही रांग समजून घेण्यासाठी हे विश्लेषण.

प्रश्न नेमका काय आहे?

दरवर्षी राज्यातून हजारो अभियंते पदवी घेऊन बाहेर पडतात. त्यातला मोठा गट पुण्यात किंवा छत्रपती संभाजीनगरात खोली घेतो, अभ्यासिकेत जागा धरतो आणि जाहिरातीची वाट पाहू लागतो. बहुतेकांची सुरुवात होते ती राज्याच्या भरतीपासून. कारण ती ओळखीची असते. गावातला कोणी तरी ‘बांधकाम’मध्ये नाहीतर ‘पाटबंधारे’मध्ये असतो.

घोळ इथेच होतो. राज्य सरकारच्या नोकरीसाठी खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा ३८ आणि मागास प्रवर्गाची ४३ वर्षे आहे. म्हणजे हे दार सर्वांत शेवटी बंद होते. त्याच्या आधी बंद होणारी चार-पाच दारे मात्र अनेकांनी कधी ठोठावलेलीच नसतात. २७व्या वर्षी ती आठवतात, तेव्हा उशीर झालेला असतो.

कोणते दार कधी बंद होते?

ही वये खुल्या प्रवर्गाची आहेत. केंद्राच्या भरतीत ओबीसींना साधारण ३ आणि अनुसूचित जाती-जमातींना ५ वर्षांची सवलत मिळते.

– भाभा अणुसंशोधन केंद्र : २६ वर्षे. ट्रॉम्बेच्या प्रशिक्षण शाळेत एक वर्षाचे प्रशिक्षण आणि त्यानंतर वैज्ञानिक अधिकारी पद. ही शाळा १९५७पासून सुरू आहे. निवडीची पहिली चाळणी ऑनलाइन परीक्षा किंवा ‘गेट’चे गुण.

– सार्वजनिक उपक्रम : बहुतेक ठिकाणी २६ ते २८. एनटीपीसी, पॉवरग्रिडसारख्या कंपन्या ‘गेट’च्या गुणांवर उमेदवार बोलावतात.

– इस्रो : ‘वैज्ञानिक/अभियंता’ पदासाठी २८ वर्षे. पदवीला किमान ६५ टक्के गुण लागतात.

– यूपीएससीची अभियांत्रिकी सेवा परीक्षा : २१ ते ३० वर्षे. स्थापत्य, यांत्रिकी, विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक्स-दूरसंचार अशा चारच शाखा.

– कर्मचारी निवड आयोगाची कनिष्ठ अभियंता परीक्षा : विभागानुसार ३० ते ३२.

– रेल्वेतील कनिष्ठ अभियंता : साधारण ३३.

– एमपीएससी आणि राज्याची सरळसेवा : ३८.

यादी वरून खाली वाचली की क्रम आपोआप दिसतो. २२ ते २६ ही वर्षे ‘गेट’ आणि अभियांत्रिकी सेवेची आहेत. त्यांचा तांत्रिक अभ्यासक्रम बराचसा सारखा असल्याने एका तयारीत दोन्ही साधतात आणि तोच अभ्यास पुढे कनिष्ठ अभियंता परीक्षेलाही उपयोगी पडतो. उलट दिशेने हे जमत नाही. चार वर्षे चालू घडामोडी आणि इतिहासाचे पाठांतर केलेल्या मुलाला २७व्या वर्षी द्रवगतिकीकडे परतणे अवघड जाते.

‘गेट’ची आणखी एक सोय आहे. तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थीही ती देऊ शकतो आणि गुण तीन वर्षे ग्राह्य राहतात. म्हणजे पदवी हातात येण्याआधीच एक प्रयत्न होऊन जातो. नोकरी नाही मिळाली, तरी त्याच गुणांवर एमटेकचा प्रवेश उघडा राहतो. सरळसेवेच्या परीक्षेत निवड झाली नाही, तर हातात असे काहीच उरत नाही.

राज्याच्या सेवेत शिरायचे तर?

मुख्य वाटा दोन. पहिली एमपीएससीची. तिथून सहायक अभियंता श्रेणी-१ (गट अ) आणि श्रेणी-२ (गट ब, राजपत्रित) ही पदे मिळतात. २०२३पासून या सेवेची पूर्वपरीक्षा राज्यसेवा आणि वनसेवेसोबत एकत्र झाली. त्यामुळे तांत्रिक पेपरपर्यंत पोहोचण्याआधी अभियंत्यालाही सामान्य अध्ययनाच्या चाळणीतून जावे लागते.

दुसरी वाट सरळसेवेची. सार्वजनिक बांधकाम, जलसंपदा, जिल्हा परिषदा, महापालिका इथले कनिष्ठ अभियंते याच वाटेने येतात. नोव्हेंबर २०२२च्या निर्णयानंतर या परीक्षा टीसीएस आणि आयबीपीएस या दोन संस्थांमार्फत ऑनलाइन होतात. २०२३मध्ये बांधकाम विभागाने २,१०९ पदांची जाहिरात काढली, त्यात स्थापत्यचे कनिष्ठ अभियंते ५३२ आणि विद्युतचे ५५ होते.

या दोन आकड्यांतच एक कटू सत्य आहे. राज्याची अभियांत्रिकी भरती प्रामुख्याने स्थापत्यची आहे. विद्युत शाखेला महावितरण, महापारेषण, महानिर्मिती या कंपन्यांचा आधार आहे. यांत्रिकीला जागा थोड्या. संगणक शाखेच्या पदवीधराने ‘राज्य सरकारमध्ये अभियंता’ होण्याचे स्वप्न धरून बसण्यापेक्षा राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, इस्रो, डीआरडीओ यांच्याकडे पाहणे शहाणपणाचे.

पगार किती?

सातव्या वेतन आयोगानुसार सुरुवातीचे मूळ वेतन असे आहे. राज्यात कनिष्ठ अभियंता ३८,६०० रुपये, सहायक अभियंता श्रेणी-२ ४१,८०० आणि श्रेणी-१ ५६,१००. केंद्रात कनिष्ठ अभियंता ३५,४००, तर अभियांत्रिकी सेवा, इस्रो आणि भाभा केंद्रात ५६,१००. यावर महागाई भत्ता, घरभाडे भत्ता वेगळा. सार्वजनिक उपक्रमांची वेतनश्रेणी निराळी असते, एनटीपीसीत सुरुवात ४०,००० मूळ वेतनाने होते आणि भत्ते वेगळे मिळतात.

एक गैरसमज इथेच दूर व्हावा. १ नोव्हेंबर २००५ किंवा त्यानंतर राज्य सेवेत आलेल्यांना वडिलांच्या पिढीची जुनी पेन्शन आपोआप लागू होत नाही. ‘सरकारी म्हणजे पेन्शन’ हे समीकरण आता तितके सरळ राहिलेले नाही.

तिथे काम काय असते?

अभ्यासिकेत या प्रश्नाची चर्चा सर्वांत कमी होते. कनिष्ठ अभियंता म्हणजे अंदाजपत्रक तयार करणारा, निविदेची कागदपत्रे जुळवणारा, साइटवर काँक्रीटचे ठोकळे भरून घेणारा आणि २८ दिवसांनी त्यांची ताकद तपासून पाहणारा माणूस. त्याच्या हातात मोजमाप पुस्तिका असते. किती खोदले, किती भरले, किती सळई गेली हे तो लिहितो आणि त्या नोंदीवर ठेकेदाराचे देयक निघते. नोंद खोटी निघाली तर चौकशी त्याची होते. ‘साहेब, एवढे वाढवून लिहा’ असे सांगणारा ठेकेदार असतो, रस्ता आधी आपल्या वाडीत हवा असणारा पुढारी असतो आणि पावसाळ्यात रात्री दोनला येणारा फोनही असतो.

हे काम किती मोलाचे आहे, हे ते नीट झाले नाही की कळते. महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६च्या रात्री वाहून गेला आणि पुलावरची वाहने पुरात गेली. त्यानंतर राज्यभर जुन्या पुलांच्या तपासणीची चर्चा सुरू झाली. ती तपासणी मंत्रालयात होत नाही. पुलाच्या पायाशी उतरून खांबांभोवतीची झीज पाहणारा अभियंता ती करतो. ते पद रिकामे असेल, किंवा त्यावर मन नसलेला माणूस बसलेला असेल, तर तो धोका त्या पुलावरून जाणाऱ्या प्रत्येकाचा असतो.

या सेवेला मोठी परंपरा आहे. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून अभियंता झालेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून रुजू झाले. खडकवासल्याच्या धरणावर १९०३मध्ये बसवलेले त्यांचे स्वयंचलित दरवाजे हे सरकारी नोकरीत राहून केलेले काम होते. १९१६मध्ये स्थापन झालेले केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रही त्याच खडकवासल्यात आहे. नाशिकला ‘मेरी’ आहे, पुण्यात रेल्वेच्या स्थापत्य अभियंत्यांना घडवणारी ‘इरिसेन’ आहे. सरकारी नोकरीत अभियांत्रिकी संपते, असे म्हणणाऱ्यांनी ही नावे लक्षात ठेवावीत.

रांगेची किंमत कोण मोजतो?

दोष केवळ उमेदवारांच्या नियोजनाचा नाही. म्हाडाच्या ५६५ पदांसाठीची परीक्षा डिसेंबर २०२१मध्ये आदल्या रात्री रद्द झाली, कारण पेपरफुटीचा डाव उघड झाला होता. गावाकडून रात्रीची एसटी धरून निघालेल्या मुलांना ही बातमी वाटेत कळली. त्यानंतर ऑनलाइन परीक्षा आल्या, तर अनेक सत्रांतल्या गुणांच्या सामान्यीकरणावरून नवे वाद सुरू झाले. २०२४मध्ये केंद्राने पेपरफुटीविरोधात कायदा आणला. संघटित गुन्ह्याला ५ ते १० वर्षे कैद आणि किमान १ कोटी रुपये दंड, अशी त्यात तरतूद आहे. कायदा हवाच होता. पण त्याने जाहिरात वेळेवर निघत नाही.

शुल्काचेही पाहावे. यूपीएससी अभियांत्रिकी सेवेसाठी २०० रुपये घेते, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना तेही माफ. २०२३च्या सरळसेवेत मात्र एका पदाचा अर्ज खुल्या प्रवर्गाला १,००० आणि राखीवला ९०० रुपयांना पडला. चार विभागांत अर्ज करणाऱ्या मुलाचा महिन्याचा मेसचा खर्च त्यातच गेला. नोकरी नसलेल्याकडून इतके शुल्क घेण्याचे समर्थन होऊ शकत नाही.

मागण्या साध्या आहेत. सर्व विभागांच्या अभियंता भरतीसाठी मिळून एकच सामायिक परीक्षा, एकदाच शुल्क, दरवर्षी ठरलेल्या महिन्यात जाहिरात आणि निकालाची बांधील तारीख. यूपीएससी वर्षभर आधी वेळापत्रक देते आणि सहसा पाळते. राज्याला ते अशक्य नाही. निवृत्ती कोणत्या महिन्यात किती होणार, हे प्रत्येक खात्याला आधीच ठाऊक असते. मग रिकाम्या जागा अचानक सापडल्यासारखी भरती का निघते?

कागदपत्रांत कुठे फसगत होते?

निवड होऊनही अनेक जण इथे अडतात. केंद्राच्या भरतीसाठी ओबीसी आणि ईडब्ल्यूएस प्रमाणपत्राचा नमुना राज्याहून वेगळा आहे. राज्याच्या यादीतली जात केंद्राच्या यादीत असेलच असे नाही. राज्याचे एसईबीसी आरक्षण केंद्राच्या नोकरीत चालत नाही. नॉन-क्रीमीलेअरची मुदत अर्जाच्या तारखेला चालू हवी. तहसील कार्यालयाची ही फेरी जाहिरात येण्याआधी मारलेली बरी.

मग करायचे काय?

पहिले, तिसऱ्या वर्षापासून ‘गेट’ द्यावी आणि दारे बंद होण्याच्या क्रमाने ठोठवावीत.

दुसरे, पूर्णवेळ तयारीला शेवटची तारीख असावी. पदवीनंतर दोन वर्षे पुरेशी आहेत. ती तारीख घरच्यांना आजच सांगून ठेवावी, म्हणजे दोन्ही बाजूंना ती पाळावी लागते.

तिसरे, त्यानंतर नोकरी करत परीक्षा द्याव्यात. ३८ची मर्यादा ही सवलत आहे, बारा वर्षे अभ्यासिकेत बसण्याचे निमंत्रण नव्हे. साइटवर, सल्लागार कंपनीत किंवा कारखान्यात काढलेले वर्ष मुलाखतीत उपयोगी पडते आणि निवड झाली नाही तरी वाया जात नाही. अभ्यासिकेत काढलेल्या सहाव्या वर्षाबद्दल असे म्हणता येत नाही.

चौथे, एखाद्या कनिष्ठ अभियंत्यासोबत एक दिवस साइटवर घालवावा. उन्हात उभे राहून टेप धरताना आणि मोजमाप पुस्तिकेत खरा आकडा लिहिताना समाधान वाटले, तर ही वाट आपली. केवळ खुर्ची आणि लग्नाच्या बाजारातला भाव दिसत असेल, तर थांबून पुन्हा विचार करावा. राज्याला परीक्षा पास झालेली माणसे दरवर्षी मिळतात. पावसाळ्याआधी पुलाखाली उतरून खांब तपासणारा अभियंता त्यांच्यातूनच निघावा लागतो.