कंट्रोल कुणाच्या हातात?

आज जरा चिडून लिहितोय, सांभाळून घ्या.

घरच्यांना माहीत आहेच, पण इतरांसाठी सांगतो. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर बाबांचा उजवा हात फारसा चालत नाही. तरी आपल्या नोकरीच्या आठवणी ते रोज डाव्या हाताने टंकतात. एक-एक अक्षर शोधत, पण टंकतात. मागे एका रविवारी मी त्यांच्या वर्ड प्रोसेसरमध्ये तीन शॉर्टकट बसवून दिले. एफ२ दाबलं की अधोरेखित, एफ३ ला जतन, आणि एफ४ ला पिवळा रंग, म्हणजे "इथली तारीख तपासायची आहे" अशी खूण. तिन्ही कळा डाव्या हाताशी, आणि एकाच बोटाचं काम. बाबा खूश!

गेल्या आठवड्यात अपडेट आलं आणि तिन्ही शॉर्टकट गायब. बाबा एफ३ दाबत राहिले, त्यांना वाटत होतं की मजकूर जतन होतोय. मग वीज गेली. दोन पानं गेली. फोनवर एवढंच म्हणाले, "माझंच काहीतरी चुकलं असेल रे."

राग आला तो या वाक्याचा. चूक त्यांची नव्हती, पण यंत्राने त्यांना तसं वाटायला लावलं.

मी शॉर्टकट पुन्हा बसवायला बसलो. ती खिडकी शोधायची म्हणजे तीन मेनूंच्या पोटात शिरायचं. आत शेकडो आज्ञांची यादी, सगळ्या इंग्रजी नावांनी. बदललेले शॉर्टकट एका टेम्प्लेट फायलीत राहतात. ती फाईल बिघडली किंवा नव्याने तयार झाली की संसार पुन्हा पहिल्यापासून मांडा!

यावर एक उत्तर हमखास मिळतं : "मुळातले शॉर्टकट विचार करून ठरवलेत, लक्षात राहायला सोपे आहेत, बदलता कशाला?" सोपे कुणाला हो? बोल्डसाठी बी, इटॅलिकसाठी आय, हे इंग्रजी टंकणाऱ्याला सोपं. इनस्क्रिप्ट कळफलकावर बी च्या जागी 'व' आहे आणि आय च्या जागी 'ग'. ठळक करायला 'व' का, हे बाबांनी कशावरून लक्षात ठेवायचं? आपण मराठी टंकणारे शॉर्टकट पाठ करतो ते अक्षरावरून नाही, बोटाच्या जागेवरून. आणि जागेचा हा विचार काही नवा नाही. १९७८ साली आलेल्या वर्डस्टारमध्ये कर्सर वर, खाली, डावीकडे, उजवीकडे न्यायला कंट्रोलसोबत ई, एक्स, एस, डी ही अक्षरं होती. शब्दांशी त्यांचा काही संबंध नाही, पण कळफलकावर त्यांचा चौकोन जमतो. बोटांचा विचार तेव्हा सुचला होता, तर आता का नाही?

दुसरा अनुभव माझ्याच संगणकावरचा. पहिल्या तीन पातळ्यांच्या शीर्षकांना कंट्रोल-ऑल्ट आणि १, २, ३ होतेच, म्हणून चौथीला मी ४ दिला. खिडकी म्हणाली, हा शॉर्टकट मोकळा आहे. मग बाबांचा पहिला पगार लिहायला उजवा ऑल्ट आणि ४ दाबलं, तर ₹ येईचना, अख्खी ओळच शीर्षक झाली! विंडोजमध्ये उजवा ऑल्ट म्हणजेच कंट्रोल-ऑल्ट, आणि भारतीय कळफलकावर त्याच ४ वर २०१० साली आलेलं रुपयाचं चिन्ह बसवलंय. प्रोग्रॅमने फक्त स्वतःची यादी पाहिली, माझा कळफलक पाहिलाच नाही.

कुणी म्हणेल, प्रत्येकाने कळा बदलल्या तर दुसऱ्याच्या संगणकावर गोंधळ होईल, मदत करणाऱ्याचीही पंचाईत. खरं आहे. म्हणून मूळ रचनेवर परत जायचं एक बटण असावंच. पण परत जायचं की नाही हे माणसाने ठरवावं, अपडेटने नाही.

मागणी फार नाही. शॉर्टकट साध्या मजकुराच्या फायलीत ठेवता यावेत, म्हणजे दुसऱ्या संगणकावर नेता येतील. कळफलकावरच्या अक्षराशी टक्कर होत असेल तर आधी सांगा. आणि अपडेट करताना माणसाने बसवलेल्या गोष्टींना हात लावू नका. लावावाच लागला, तर निदान तसं सांगा.

असो. तिन्ही कळा पुन्हा बसवल्यात, आणि कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवल्यात. बाबांनी गेलेली दोन पानं पुन्हा लिहायला घेतलीयत. पहिल्यापेक्षा बरी जमतायत म्हणे. ते त्यांचं श्रेय, सॉफ्टवेअरचं नव्हे!