गाडी बसली की बसवली?



आमच्या चिरंजीवांनी गेल्या वर्षी एक जुनी गाडी घेतली. गाडी देखणी, पण जमिनीला टेकते की काय इतकी खाली. "बाबा, लोअर केली आहे, अशीच छान दिसते," हे उत्तर! पुढे पुण्याहून आजी-आजोबा आले. दुबई विमानतळावरून पाच माणसे व चार बॅगा घेऊन अजमानला परतताना प्रत्येक स्पीडब्रेकरवर मागून 'धाड' आवाज आणि रबर घासल्याचा वास. एका गॅरेजने मागचे दोन्ही शॉक-ॲब्सॉर्बर बदलून दिले. पंधरा दिवसांनी आवाज होताच. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

दुसऱ्या मेस्त्रीने गाडी वर उचलली. चाके लोंबकळताच त्याने मागची स्प्रिंग हाताने गरागरा फिरवून दाखवली. कोणीतरी वेढे कापून गाडी 'बसवली' होती.

मुद्दा साधा आहे. गाडीचे वजन पेलते ती स्प्रिंग. शॉक फक्त डोलणे थांबवतो. तेव्हा गाडी बसली तर आधी स्प्रिंगकडे पाहावे, डोलत राहिली तर शॉककडे. आठ वेढ्यांपैकी दोन कापले की उरलेली स्प्रिंग एक तृतीयांशाने अधिक कडक होते, पण खाली-वर व्हायला जागाच उरत नाही. एकटा मुलगा चालवतो तोवर निभावते. मागे आजी, नातवंडे आणि सामान आले की गाडी थेट रबरी ठोकळ्यावर आपटते.

जुनी गाडी घेताना एवढे जरूर पाहावे :

१) सपाट जागेवर, रिकाम्या गाडीच्या मागच्या चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत दोन्हीकडे टेपने मोजा. एक बाजू बोटभर खाली असेल तर ती स्प्रिंग दबलेली किंवा तुटलेली असण्याचा संभव. दोन्ही सारख्या भरल्या तरी निश्चिंत होऊ नका. दोन्ही कापलेल्या असू शकतात.

२) मागचा कोपरा दाबून सोडा. गाडी पुनःपुन्हा डोलली, तर शॉक गेला.

३) गॅरेजमध्ये गाडी उचलून स्प्रिंग सैल होते का ते पाहा. सर्वांत खालचा वेढा नीट पाहा. तिथे वाळू व ओल साचते, आणि आपल्या समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत गंज तिथूनच धरतो. तुटलेला तुकडा वाटीत दडून बसतो.

४) टायरची आतली कड हाताने चाचपा. आमच्या टायरच्या तारा दिसू लागल्या होत्या! अशा टायरवर ऑगस्टच्या उन्हात आम्ही शेख मोहम्मद बिन झायद रोडने रोज दुबई गाठत होतो, हे आठवले की आजही अंगावर काटा येतो.

स्प्रिंग घरी काढण्याच्या फंदात मात्र पडू नये, आणि नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीही शिरू नये.

तरुणांच्या हौसेला माझा विरोध नाही. कारखान्यात बनवलेल्या आखूड स्प्रिंगा, त्यांना जुळणारे शॉक आणि रीतसर परवानगी घेऊन खुशाल हौस करावी. पण कापलेल्या किंवा तापवून दाबलेल्या स्प्रिंगवर घरची माणसे बसवू नयेत, हे माझे ठाम मत. आमच्या गाडीला दोन्ही नव्या स्प्रिंगा बसल्या. ती आता थोडी उंच दिसते. चिरंजीव थोडे नाराज आहेत. आजी मात्र मागच्या सीटवर स्वस्थ झोपते.

आपलेही अनुभव अवश्य कळवावेत.

— एक सभासद