पहिले पाऊल टेकण्यापूर्वी

रात्रभर विश्रांती घेऊन सकाळी पाय जमिनीवर टेकवावा आणि टाचेत सुई टोचल्यासारखी कळ उठावी. भिंतीच्या आधाराने थोडे चालल्यावर ती ओसरावी, आणि दुपारी बसून उठताना पुन्हा जाणवावी, असा अनुभव अनेक ज्येष्ठांना येतो. ‘वय झाले, आता दुखायचेच,’ असे म्हणून तो सोसला जातो. हळूहळू देवळापर्यंतची फेरी थांबते, पायांतील बळ घटते आणि तोल जाण्याची भीती वाढते. टाचदुखीचे खरे नुकसान हे आहे.

टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळपायात एक जाड, चिवट पट्टा असतो. पावलाची कमान तो सावरून धरतो. वारंवार ताण पडल्याने तो टाचेपाशी दुखावतो. झोपेत आखडलेला हा पट्टा पहिल्या पावलासरशी एकदम ताणला जातो, म्हणून सकाळची कळ तीव्र असते. क्ष-किरण चित्रात टाचेचे हाड वाढलेले दिसले तरी घाबरू नये. न दुखणाऱ्या टाचांतही ते आढळते.

यावरील मुख्य व्यायाम पलंगावरून उतरण्यापूर्वीच करावयाचा आहे. काठावर बसून दुखरे पाऊल दुसऱ्या मांडीवर घ्यावे. बोटे हाताने नडगीच्या दिशेने हलकेच ओढावीत. तळपायाला ताण जाणवला की 10 अंक मोजावेत व सोडावे. असे 10 वेळा, दिवसातून 3 वेळा करावे. वाकणे जमत नसेल किंवा खुब्याची शस्त्रक्रिया झाली असेल, तर पाय लांब पसरून चवड्याभोवती पंचा घालावा आणि त्याची दोन्ही टोके आपल्याकडे ओढावीत.

दुसरा व्यायाम पोटरीचा. भिंतीला हात टेकून दुखरा पाय मागे ठेवावा; गुडघा सरळ व टाच जमिनीला टेकलेली असावी. पुढचा गुडघा वाकवून 30 सेकंद थांबावे. असे 3 वेळा करावे. ताण जाणवावा, कळ येऊ नये. पुढे स्नायूंना बळकटी देणारे व्यायाम भौतिकोपचार तज्ज्ञांच्या देखरेखीखाली वाढवावेत.

कठीण फरशीवर अनवाणी, ओट्यापाशी तासन्‌तास उभे राहणे टाळावे. घरात चप्पल न घालण्याची रीत असेल, तर घरापुरता एक स्वच्छ, मऊ तळाचा, मागे पट्टा असलेला जोड वेगळा ठेवावा.

शुश्रूषा करणाऱ्यांनी रात्रीच हा जोड आणि पंचा पलंगाशी ठेवावा, पहाटे दिवा लावावा आणि उभ्याने व्यायाम करताना जवळ थांबावे. मधुमेह असल्यास तळपाय रोज न्याहाळावेत. संवेदना कमी झालेल्या पायाला बर्फ अथवा शेक देऊ नये. बधिरपणा, मुंग्या, सूज, लाली, जखम, ताप, विश्रांतीतही न थांबणारी वेदना, किंवा पडल्यानंतर पायावर भार न देता येणे, यांपैकी काहीही आढळल्यास व्यायाम न करता आधी डॉक्टरांना दाखवावे.

हा उपचार चार दिवसांचा नव्हे. उतार पडण्यास काही आठवडे, कधी कित्येक महिने लागतात. मात्र बहुतेकांना शस्त्रक्रियेची गरज भासत नाही. नेमाने केलेल्या व्यायामाचे फळ म्हणजे पुन्हा आपल्या पायांनी उंबरठा ओलांडता येणे. उद्या सकाळी उठण्याची घाई करू नये. आधी पावलाला जागे करावे, मग आपण उठावे.