चालकाची गादी आणि आमचे व्यापारी बांधव

कापडाचा व्यापारी दुकानात गादीवर बसतो. उर्दूत तिला गद्दी म्हणतात. वडिलांनंतर मुलाने दुकान सांभाळले की तो 'गद्दीवर बसला' असे सांगितले जाते, एवढा त्या गादीचा मान. सणासुदीला तिचा खोळ बदलतो, पांढरी चादर परीटघडीची लागते. परंतु हाच व्यापारी आठवड्यातील चार-पाच दिवस ज्या गादीवर बसून खरी रोजी कमावतो, त्या गाडीतील चालकाच्या सीटकडे पाहावे तर रेक्झिन फाटलेले, फोमचा भुगा बाहेर आलेला, एका बाजूची पट्टी दबलेली आणि वर गोणपाट किंवा जुनी उशी टाकलेली. आमच्या मते ही काटकसर नव्हे. हा सरळ तोट्याचा व्यवहार आहे आणि व्यापाऱ्याला तो तसाच समजावून सांगितला पाहिजे.

गोंडपिपरी हा चंद्रपूर जिल्ह्याच्या टोकाचा तालुका. वैनगंगा ओलांडली की आष्टी आणि तेथून गडचिरोली जिल्हा सुरू. आम्ही कापडवाले, बांगडीवाले, भांडीवाले, मसालेवाले आठवडी बाजारांवर जगतो. पहाटे माल भरायचा, जंगलातील सडकेने जायचे, रात्री अंधारात परत यायचे. सुरजागडच्या लोहखनिजाचे जड ट्रक सुरू झाल्यापासून आष्टी-आलापल्ली मार्गाचे काय झाले ते त्या बाजूला जाणाऱ्या कोणालाही विचारावे. अशा सडकेवर टायर आणि पाटे यांचा खर्च सर्वजण मान्य करतात. सीटचा खर्च मात्र 'नंतर पाहू' या खात्यात जातो.

आमच्यापैकी पुष्कळांकडे अजून मारुतीची व्हॅन आहे. १९८४ साली ती बाजारात आली, पुढे तिला ओम्नी हे नाव मिळाले आणि २०१९ साली कंपनीने ती बनविणे बंद केले. म्हणजे आज सडकेवर असलेली प्रत्येक ओम्नी जुनीच. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. १ एप्रिल २०२२ पासून चारचाकीचे हे शुल्क ६०० वरून ५००० रुपये झाले. ते लोक मुकाट्याने भरतात, कारण कागदाशिवाय गाडी चालत नाही. कंबरेशिवायही ती चालत नाही, हे मात्र ध्यानात घेत नाहीत.

शरीर आणि धक्का यांचा हिशोब जगभर झालेला आहे. गाडीतून माणसाच्या अंगाला बसणारी थरथर मोजण्याचे आंतरराष्ट्रीय मानकच आहे, आयएसओ २६३१. बसलेल्या माणसाला वर-खाली होणाऱ्या धक्क्यांपैकी सेकंदाला साधारण ४ ते ८ वेळा येणारे धक्के सर्वात जास्त बाधतात, असे त्याचे गणित सांगते. वर्षानुवर्षे असे धक्के खाणाऱ्या चालकांत कंबरदुखी अधिक आढळते, हेही सर्वमान्य आहे. चांगल्या फोमचे काम हा धक्का गिळण्याचे. फोम मेला की गादी राहत नाही, फळी राहते.

त्यातही चालकाची सीट सारखी झिजत नाही. आपल्याकडे चालक उजव्या दाराने चढतो-उतरतो. बाजाराच्या दिवशी किती वेळा चढ-उतार होते त्याची मोजदाद नाही. प्रत्येक वेळी उजव्या कडेवर सर्व भार येतो, म्हणून ती कड आधी दबते, तेथलेच रेक्झिन आधी फाटते. मग चालक दिवसभर एका अंगाला कललेला बसतो. हे त्याला जाणवत नाही, रात्री कंबर मात्र बोलते. वर उशी टाकली तर ती ब्रेक दाबताच पुढे सरकते, पाय पेडलवर नेमका पडत नाही. समोर रानडुक्कर किंवा बैल आडवा आला तर त्या अर्ध्या क्षणाची किंमत काय, हे सांगावयास नको.

आता उपायाकडे येऊ. बहुतेक मंडळी दोनच गोष्टी करतात. एक तर तयार कव्हर चढवितात, नाही तर नागपूरच्या भंगारातून दुसरी सीट आणतात. तयार कव्हर म्हणजे मळक्या अंगावर नवी शेरवानी. आतील फोम तोच, स्प्रिंग त्याच. भंगारातील सीट स्वस्त दिसते, पण ती कोणत्या गाडीची, अपघातातील की काय, हे विक्रेता सांगत नाही. दुसऱ्या गाडीची सीट बसविताना नवी भोके पाडावी लागतात, तेथून गंज धरतो. सीट थोडी उंच झाली तरी डोके छताला लागते आणि नजर आरशावर राहत नाही. ओम्नीत तर आणखी एक गोष्ट आहे. तिचे ७९६ सीसीचे इंजिन पुढच्या सीटांखालीच आहे. प्लग पाहायचा झाला तरी सीट उचलावी लागते. परकी सीट ठोकून बसविली की मेकॅनिक वैतागतो आणि खालचे झाकण नीट न बसल्यास इंजिनाची उष्णता व धूर आत येतो.

म्हणून आमचे म्हणणे असे की सांगाडा शाबूत असेल तर जुनीच सीट स्थानिक कारीगराकडून आतून-बाहेरून करून घ्यावी. सांगाडा जमिनीला जेथे बोल्टने बसतो तेथे तडा असेल, किंवा सरकविण्याची पट्टी झिजून सीट आपोआप मागे-पुढे होत असेल, तरच बदलावी आणि तीही त्याच गाडीची आणावी. वेल्डिंग करायचे असेल तर सीट बाहेर काढूनच. इंजिन आणि पेट्रोल खाली असताना ठिणगी पाडणारा कारीगर कितीही स्वस्त असला तरी परवडत नाही. पट्ट्याचे बोल्ट जागचे हलवू नयेत. आणि सीट करीत आहोतच तर मागे एक बाकही टाकू, हा विचार मनातून काढावा. आसनसंख्या नोंदणी पुस्तकात लिहिलेली असते आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे तीत परस्पर फेरफार करता येत नाही.

फोमविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण येथेच फसगत होते. कापडात आपण वजन पाहतो, हाताला जाड लागले म्हणून भाव देत नाही. फोमचेही तसेच. त्याला डेन्सिटी म्हणतात, म्हणजे एक घनमीटर फोमचे वजन किती किलो. बोटाने दाबून ती कळत नाही. हलका फोमही कडक बनविता येतो आणि तोच सहा महिन्यांत बसतो. तराजू मात्र खोटे बोलत नाही. २० इंच लांब, २० इंच रुंद आणि ४ इंच जाड तुकडा ४० डेन्सिटीचा असेल तर एक किलोच्या किंचित वर भरतो. ३२ चा असेल तर साडेआठशे ग्रॅमच्या आत. अर्धा किलोच भरला तर तो २० चा समजावा, तो घरातील उशीत शोभतो. चालकाच्या बैठकीला ४० च्या खालचा फोम घेऊ नये असे आमचे मत आहे. दबणाऱ्या उजव्या कडेला तुकड्यांचा दाबून केलेला जड फोम घालता आला तर उत्तम. जुन्या मेलेल्या फोमवर नवा थर चढविणे ही आणखी एक खोड. सीट उंच होते आणि खालचा थर डोलत राहतो.

वरच्या कापडाबद्दल तर आम्हांला बोलण्याचा हक्कच आहे. चंद्रपूरचा मे महिना ४७-४८ अंशांचा. बंद गाडीतील काळे रेक्झिन त्या वेळी तव्यासारखे तापते आणि त्यातून घाम जिरत नाही. बसण्याचा व पाठीचा मधला भाग जाड विणीच्या कापडाचा आणि घासणाऱ्या कडा रेक्झिनच्या, अशी जोड आम्हांला सर्वात टिकाऊ वाटते. रेक्झिन घेताना उलटून पाहावे. मागे होजिअरीचे अस्तर असेल तर ते कोपऱ्यावर छान ताणले जाते. उभ्या-आडव्या धाग्यांचे असेल तर ताणत नाही, पण कड धरून ठेवते. धागा नायलॉनचा किंवा पॉलिएस्टरचा हवा. सुती धागा घामाने कुजतो आणि कापड शाबूत असताना शिवण उसवते. चार पैशांच्या धाग्यासाठी सगळे काम वाया गेलेले आम्ही अनेकदा पाहिले आहे.

कारीगर बांधवांशीही दोन शब्द. गादी भरणे हे आपल्यातील पिंजारी, नद्दाफ, मन्सुरी घराण्यांचे पिढीजात काम. कापूस पिंजण्याचे यंत्र आले, मग फोम आला, आणि त्यांतील कित्येक मुले सीट शिवण्याकडे वळली. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत. त्यांत शिंपी आहे, चांभार आहे, सुतार आहे, सीट भरणारा नाही. तेव्हा या कारीगराची भिस्त गिऱ्हाइकावरच. गिऱ्हाईक घासाघीस करते, म्हणून कारीगर न दिसणाऱ्या जागी हात आखडतो. सीट लवकर बसते, गिऱ्हाईक पुढल्या वेळी तयार कव्हर घेते आणि कारीगराचे काम कायमचे जाते. यावर उपाय सोपा आहे. कव्हर शिवून बंद करण्यापूर्वी गिऱ्हाइकाला बोलावून आतील माल दाखवावा, आणि पावतीवर फोमची डेन्सिटी, जाडी व मेहनताना वेगवेगळा लिहावा. व्यापाऱ्यानेही मग मेहनतान्यात कपात मागू नये. आपण मीटरमागे नफा घेतो, त्याला त्याच्या दुपारचा मोबदला नको काय?

राहता राहिला वेळेचा प्रश्न. लग्नसराईत कारीगर गाद्या-लोडांत अडकलेला असतो, घाईचे काम कच्चे होते. भर पावसात चिकटविलेला थर नीट वाळत नाही. पोळा झाल्यावर दिवाळीची गर्दी सुरू होईपर्यंत जे दोन-चार आठवडे मिळतात, त्यांत एक बिनबाजाराचा दिवस काढून सकाळी सीट खोलून द्यावी. कारीगराचा हात रिकामा असेल तर संध्याकाळपर्यंत ती परत बसते आणि दुसऱ्या दिवशीचा बाजार चुकत नाही.