जाळी मारण्याआधी थर नोंदवा

करावे गावच्या खाडीकाठावरून उलव्याची टेकडी खाली खाली जाताना आम्ही पाहिली. नवी मुंबईच्या विमानतळासाठी ती फोडून सपाट केली. विमानतळाला माझा विरोध नाही. पण नव्वदएक मीटरांचा कातळ कापला जात असताना त्याच्या आत काय आहे, हे आमच्या पोरांना कुणी दाखवलं नाही, याची हळहळ आजही वाटते.

माझं माहेर पोलादपूरचं. तिथून महाबळेश्वरला चढणाऱ्या आंबेनळी घाटात रस्त्यासाठी डोंगर उभा कापलाय. त्या कापात खाली घट्ट काळा कातळ दिसतो. वर जावं तशी त्यात बुडबुड्यांची भोकं, भोकांत पांढरे स्फटिक. तो लाव्हाच्या एका लोटाचा माथा. त्यावर मधूनमधून तांबडा पट्टा लागतो, नखानं खरवडला तरी भुगा होणारा. आणि त्यावर पुन्हा काळा कातळ.

एक लोट निवल्यावर पुढचा येईपर्यंत कातळ झिजून माती झाली, कधी तिच्यात ज्वालामुखीची राख पडली, मग नव्या लाव्हानं ती विटेसारखी भाजली. तो हा पट्टा. पश्चिम घाटातल्या अशाच तांबड्या थरांतल्या राखेत झिरकॉन या खनिजाचे बारीक कण सापडले. त्यांवरून प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2019 साली या उद्रेकांचा काळ बारकाईनं मांडला: सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा, डायनासोर संपले त्याच्या आगेमागचा. जगभरचे भूशास्त्रज्ञ इथल्या थरसमूहांना पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर याच नावांनी ओळखतात. घाट चढताना ते याच क्रमानं लागतात. पोलादपूरच्या किती मुलांना हे ठाऊक आहे?

आता घाटाघाटांत कापांवर जाळ्या बसतात, सिमेंट फवारलं जातं. दरडीखाली माणसं जातात, त्यामुळे ते करायलाच हवं. पण हाच तांबडा थर मऊ असतो, त्याच्या आसपास पाणी झिरपतं आणि वरचा कातळ सुटतो. म्हणजे थरांची नोंद सुरक्षिततेलाही हवीच.

म्हणून रस्त्याच्या प्रत्येक कंत्राटात एक अट घाला. काप झाकण्याआधी भूशास्त्रज्ञाकडून थरांचा नकाशा आणि छायाचित्रं करून घ्या, प्रत्येक थराचा एकेक दगड जवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत द्या, आणि जिथे धोका नाही तिथे चार-पाच मीटरचा काप उघडा ठेवून मराठीत फलक लावा. डोंगर फोडायच्या खर्चापुढे हा खर्च किरकोळ आहे. खारघर-बेलापूरच्या डोंगरांत पुढचा सुरुंग लागण्याआधी ही अट लागू व्हावी.