मताचा हक्क आणि मोबाइलवरच्या आवया

निवडणूक जवळ आली कीं मोबाइलवर आवयांचें पीक येतें. २०१९ सालीं अशी आवई उठली कीं, जो मत देणार नाहीं त्याच्या बँकेच्या खात्यांतून ३५० रुपये कापले जातील. मुळांत ती होळीनिमित्त एका वर्तमानपत्रानें केलेली थट्टा! पण थट्टा हा शब्द वाटेंत गळाला आणि आमच्या आयाबायांनीं धास्ती घेतली. निवडणूक आयोगानें ती खोटी म्हणून सांगितलें, तरी पुढेंही ती फिरतच राहिली.

दुसरी आवई याहून घातक. यादींत नांव नसलें तरी आधार कार्ड दाखवून 'चॅलेंज व्होट' देतां येतें, असें ती सांगते. हें साफ खोटें आहे. यादींत नांव नाहीं त्यास मत नाहीं, हाच कायदा. आपल्या नांवावर आधींच दुसरा कोणी मत देऊन गेला असेल, तरच ओळख पटवून कागदी मतपत्रिकेवर मत देण्याचा हक्क नियम ४९-पी नें दिला आहे. आतां पाहा, ऊसतोडीवरून पदरचें भाडें खर्चून आलेला गडी या निरोपाच्या भरंवशावर यादी पाहत नाहीं, केंद्रावरून परत फिरतो, आणि 'निवडणूकच लबाडीची' म्हणून पुढच्या खेपेस घरींच बसतो. आवई उठविणाऱ्याचें काम फत्ते!

मग शंका विचारूंच नये काय? अवश्य विचारावी. सोलापूर जिल्ह्यांतील मारकडवाडीच्या लोकांनीं डिसेंबर २०२४ मध्यें कागदी मतपत्रिकेवर स्वतःच मतदान घेऊन पाहण्याचें ठरविलें. सरकारनें जमावबंदी लावली, पोलीस आणले, आणि तें राहून गेलें. दंडुका दाखविल्यानें शंका जात नाहीं, उलट आवईस खतपाणी मिळतें, हें अधिकाऱ्यांस कोणी सांगावें? पण शंका विचारणारा उघड पुढें येऊन हिशेब मागतो. आवई उठविणारा तोंड लपवितो. हिशेब मागण्याची सोय आहे. मत दिल्यावर कांचेआड सात सेकंद चिठ्ठी दिसते, ती पाहावी. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष १७-सी नमुन्यावर एकूण मतांचा आंकडा उमेदवारांच्या प्रतिनिधींस देतो. तो कागद जपून मोजणीच्या आंकड्याशीं ताडावा.

१९१९ च्या सुधारणांत मत मिळालें तें सारा भरणाऱ्यांस व मालमत्तावाल्यांस. मजूर आणि बलुतेदार बहुतेक बाहेरच राहिले. १९५१-५२ सालीं तें सर्वांच्या हातीं आलें. यादींत नांव नसेल त्यानें नमुना ६ आतांच भरावा. वाचतां येत नसेल त्यानें शाळा सुटल्यावर ओट्यावर यावें. यादी आम्ही वाचून दाखवूं.